४६ एमएमचं घड्याळ साडेसोळाच्या मनगटावर फिरतंय, पट्टा कसा बसवायचा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की दाजींनी लग्नात दिलेलं ४६ एमएमचं स्टीलच्या चेनचं घड्याळ आहे, मनगट साडेसोळा सेंटिमीटर, सहा कड्या काढून घेतल्या तरी गाडीवर असताना घड्याळ बाहेरच्या अंगाला कलंडतं, आणि सातवी कडी काढली की संध्याकाळपर्यंत हात जड होतो, लॉकचा लाल वण उठतो. आणि शेवटी लिहिलंय की काका, हे माझ्या हाताला मोठंच आहे का, ठेवून देऊ का कपाटात.

नका ठेवू. मी एकतीस वर्षं सोलापूरच्या नवी पेठेत घड्याळं दुरुस्त करतोय, त्याआधी वडलांच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून शिकलो, आणि हल्ली दर आठवड्याला एक तरी माणूस हीच तक्रार घेऊन येतो. त्यातली बरीचशी घड्याळं हाताला बसतात. अडचण एवढीच होते की घड्याळ फिरायला लागलं की माणूस ते घट्ट करत जातो, कडी काढ, भोक पुढं घे, अजून एक कडी काढ. मोठं घड्याळ फिरतं ते सैल आहे म्हणून कमी आणि वरचं वजन खालच्या वजनाला भारी पडतंय म्हणून जास्त. तोल जमला की तेच घड्याळ एक कडी सैल असूनही जागेवर राहतं, हे मी रोज बघतो.

आधी एक गोष्ट सांगतो म्हणजे मोठ्या घड्याळाचा स्वभाव कळेल. वडलांच्या काळात आमच्याकडं सगळ्यात जास्त यायची ती एचएमटी जनता, ३५ एमएमची, १८ एमएमचा पट्टा, कुणाच्याही हातावर चापून बसायची, पट्ट्याचा विचार करायची वेळच यायची नाही. (एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगलोरला घड्याळं करायला सुरुवात केली.) मोठी घड्याळं आली ती दुसरीकडून. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांना ५५ एमएमची घड्याळं द्यायचे, ती जाड जाकिटाच्या बाहीवरून लांब पट्ट्याने बांधायची. इटलीच्या नौदलात पाण्याखाली बुडी मारणाऱ्या सैनिकांची पानेराय कंपनीची घड्याळं ४७ एमएमची, ती पाण्यात घालायच्या पोशाखावरून बांधायची. म्हणजे बघा, एवढं मोठं घड्याळ ज्यांच्यासाठी केलं त्यांच्या हातावर खाली जाड कापडाची उशी होती, मनगटच तेवढं फुगलेलं होतं. आपण उघड्या मनगटावर घालतो, तिथं खाली सरळ हाड, शिरा आणि घाम. त्या उशीचं काम आता पट्ट्याने करायचंय.

आता मापं. तुम्ही मनगटाचा घेर मोजलाय, चांगलं केलं, पण मोठ्या घड्याळाला त्याहून महत्त्वाचं माप वेगळं आहे, मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी. हात टेबलावर पालथा ठेवा, मनगटाच्या दोन्ही बाजूंना दोन फुटपट्ट्या उभ्या लावा आणि जिथं वरचा भाग सपाट संपून खाली वळायला लागतो तिथलं अंतर मोजा. घेर साडेसोळा असेल तर हे साधारण ५० ते ५५ एमएम भरतं, पण दोन माणसांचा घेर एकच असूनही एकाचं मनगट चपटं आणि दुसऱ्याचं गोल असतं, चपट्या मनगटावर मोठं घड्याळ आरामात बसतं आणि गोल मनगटावर डुगडुगतं. तुमच्या घड्याळाचं ४६ हे केसचं, म्हणजे डायल आणि मशीन बसवलेल्या डबीचं माप झालं, ते दुकानात सांगतात म्हणून लोक तेच धरून बसतात. खरं बघायचं ते वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंत, लग म्हणजे केसचे ते चार पाय ज्यांच्यामध्ये पट्टा अडकतो. ते तुम्ही ५३ लिहिलंय. ५३ म्हणजे तुमच्या हातावर काठावर आहे पण बसण्यासारखं आहे.

मग अडतंय कुठं? चेनमध्ये. घरी घड्याळ हातात घेऊन चेनचा पहिला तुकडा बघा, केसला लागून जो वाकडा तुकडा असतो तो. बऱ्याच चेनमध्ये त्याचा मधला भाग लगच्या पुढं दोन-तीन एमएम बाहेर आलेला असतो आणि तो तुकडा केसला घट्ट बसवलेला असतो, खाली वळतच नाही. पहिली कडी वळायला लागते ती त्याच्यापुढं. म्हणजे घड्याळ ५३ चं राहिलं नाही, दोन्ही बाजूंचे तीन-तीन धरले तर ५९ चं झालं, आणि तुमचं सपाट मनगट ५५ च्या आत. चेन मनगटाच्या कडेच्या पलीकडं जाऊन मग खाली येते, मध्ये पोकळी राहते. हातात घालून आरशात बाजूने बघा, लगच्या खाली आणि मनगटाच्या मध्ये उजेड दिसेल. तो उजेड कितीही कड्या काढल्या तरी जात नाही, उलट चेन आवळली की घड्याळ वरून दाबलं जातं आणि लॉक खालून शिरांवर रुततं. तुमचा लाल वण हा त्याचाच आहे.

हे पटलं नसेल तर एक करून बघा. चेन काढा आणि कुठलाही जुना २४ एमएम रुंदीचा मऊ पट्टा, अगदी फाटका असला तरी चालेल, लावून हातावर धरा. पट्टा लगमधून थेट खाली उतरतो म्हणून तेच घड्याळ एकदम लहान वाटायला लागतं. माझ्या टेबलासमोर उभा राहिलेला माणूस हे बघून दरवेळी दोनदा हात फिरवून बघतो.

पण म्हणून लगेच चेन टाकून पट्टा घ्या असंही मी म्हणणार नाही, कारण चेनचा एक मोठा गुण आहे, ती स्वतः जड असते. मागच्या महिन्यात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ असंच मोठं घड्याळ घेऊन आले. मी शेजारच्या सराफांच्या काट्यावर ठेवून बघितलं, नुसतं घड्याळ ९८ ग्रॅम आणि चेन ८६. जवळजवळ बरोबरी. वर ९८, खाली आणि बाजूला ८६, तराजूसारखं. त्यांनी आधी स्वतःच्या मनाने २० ग्रॅमचा पातळ पट्टा लावला होता, साधारण दोन एमएम जाडीचा, बक्कलकडं निमुळता होत जाणारा. आता ९८ ला खाली फक्त २०, घड्याळ लोलकासारखं गदागदा हलायला लागलं. ते म्हणाले चेनवर होतं तेच बरं होतं. त्यांची चेनच परत लावली पण नीट लावली, आणि ते खूश होऊन गेले. तर आधी तुमची चेन नीट करू, मग पट्ट्याचं बघू.

चेनमध्ये बघायची पहिली गोष्ट म्हणजे लॉक कुठं येतंय. हात उताणा करा, लॉक मनगटाच्या बरोबर मध्यावर पाहिजे. तुमच्या सहा कड्या बहुतेक एकाच बाजूने काढल्या असणार, किंवा चार एकीकडून दोन दुसरीकडून, घाईत असला की कारागीर जी बाजू हाताला येईल तिथून काढतो. लॉक एका अंगाला गेलं की ते वजन घड्याळाला त्या बाजूने ओढतं, मग तुम्ही म्हणता कलंडतंय. कड्या दोन्हीकडून सारख्या काढायच्या, आकडा विषम असेल तर जास्तीची कडी डायलवरच्या सहाच्या आकड्याच्या बाजूने काढायची आणि मग घालून डोळ्याने बघायचं, कारण शेवटी प्रत्येकाचं मनगट वेगळं. कधी एक कडी इकडून काढून तिकडं लावली एवढ्यानेच सगळं जमतं, लांबी तीच राहते.

दुसरी गोष्ट लॉकच्या कडेला असलेली बारीक भोकं. बऱ्याच चेनच्या लॉकमध्ये तीन-चार भोकं असतात, त्यातली पिन टोकदार लाकडी काडीने दाबून एक घर मागं-पुढं करता येते, कडी न काढता दोन-अडीच एमएमचा फरक पडतो. तुमचं दुखणं नेमकं इथं आहे, सहा कड्या काढल्या तर सैल आणि सात काढल्या तर घट्ट, म्हणजे तुम्हाला अर्धी कडी पाहिजे आणि ती अर्धी कडी लॉकमध्येच आहे. सातवी कडी परत लावा आणि लॉकची पिन एक किंवा दोन घरं आत घ्या. ही भोकं आहेत हेच निम्म्या लोकांना माहीत नसतं.

कडी घरी काढायची असेल तर आतल्या बाजूला बाण कोरलेले असतात ते बघा, पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची आणि परत घालताना उलट्या बाजूने, फाटलेलं टोक शेवटी आत जाईल अशी. सिको आणि सिटिझनच्या बऱ्याच चेनमध्ये पिनसोबत तांदळाच्या कणीएवढी एक नळी असते, पिन त्या नळीत घट्ट बसते. पिन ठोकली की ती नळी टपकन खाली पडते आणि फरशीवर दिसत नाही. म्हणून काम करताना खाली पांढरा टॉवेल अंथरायचा, आपल्या सोलापुरात टॉवेलला काय तोटा. नळी नसताना नुसती पिन घातली तरी त्या दिवशी ती बसल्यासारखी वाटते, पुढं पंधरा दिवसांत सरकत सरकत बाहेर येते. माझ्या मेव्हण्याचं घड्याळ असंच गेलं, कड्या बाहेर कुठंतरी कमी करून घेतल्या होत्या, नळी हरवली ते कुणी सांगितलं नाही, सिद्धेश्वर तलावाच्या कडेला उभं राहून फोटो काढताना चेन सुटली आणि घड्याळ पाण्यात. त्यांच्या वडलांनी दिलेलं होतं ते. तेव्हापासून मी चेन परत देण्याआधी प्रत्येक पिनला बोटाने ढकलून बघतो, आणि तुम्हीही दुकानातून निघायच्या आधी बघा, त्यात लाजायचं काही नाही.

आता पट्टा. एवढं करूनही लगखाली उजेड राहिलाच तर पट्ट्याकडं या, पण पट्टा निवडताना तीन गोष्टी धरून निवडा.

लांबी सगळ्यात आधी. बाजारातला साधा पट्टा १२०-७५ चा असतो, म्हणजे भोकांचा तुकडा १२० एमएम आणि बक्कलचा ७५. हा लांब हाताचा हिशोब आहे. तुमच्या घड्याळात दोन्ही पिनांमधलं अंतर ४७ च्या आसपास असणार, मनगट १६५, म्हणजे उरले ११८, त्यात पट्टा कातडीच्या बाहेरून जातो त्याचे आठेक एमएम धरा, झाले १२६. त्यातले ७५ बक्कलच्या तुकड्यानेच खाल्ले की दुसऱ्या बाजूला उरतात ५१, म्हणजे तुम्ही अगदी पहिल्या भोकात, कधी त्याच्याही आत, आणि बक्कल मधून सरकून अंगठ्याच्या बाजूला गेलेलं, वर शेपटीसारखं टोक लोंबतंय. हाच पट्टा ‘शॉर्ट’ मध्ये १०५-६५ चा किंवा ११०-७० चा मिळतो. ६५ घेतला की १२६ मधले ६१ उरतात, मधलं भोक, बक्कल बरोबर मध्यावर. दुकानदार ‘साहेब सगळे एकच साइजचे असतात’ म्हणाला तर खिशातून पट्टी काढून मोजा. माप लागतं ते पट्ट्याच्या नुसत्या चामड्याचं, बक्कल सोडून.

दुसरं जाडी. जड घड्याळाला पट्टा लगजवळ साडेतीन-चार एमएम जाड पाहिजे म्हणजे घड्याळाला धरून ठेवतो, पण तो तिथंच कडक असला तर चेनसारखाच बाहेर आडवा राहतो आणि खाली वळत नाही, मग आपण ज्या कारणाने चेन काढली तेच परत आलं. म्हणून विकत घेताना पट्टा लगच्या टोकाजवळ बोटावर गुंडाळून बघा, तिथं तो मऊसूत वाकला पाहिजे आणि बक्कलकडं जाताना पातळ झाला पाहिजे. नवीन चामडं कडक असेल तर रात्री पट्टा लावून घड्याळ हाताएवढ्या जाड डब्याभोवती गुंडाळून ठेवा, आठ-दहा दिवसांत वळण धरतं. ओलं करून वाकवू नका, चामडं तडकतं.

तिसरं निमुळतेपण. तुमचा २४ चा आहे तर बक्कलकडं २२ चा घ्या, फार तर २०. २४ चा १८ पर्यंत निमुळता झाला की दिसायला नाजूक दिसतो पण खालून आधार जातो, शिवाय वजन बारीक बक्कलवर येऊन ती एकाच जागी रुतते. आणि २४ की २२ हे साध्या फुटपट्टीने ठरवू नका, व्हर्नियरने मोजा, एक एमएम मोठा पट्टा ठोकून बसवला तर दुमडतो आणि एक एमएम लहान घेतला तर लगमध्ये डावीकडं-उजवीकडं सरकून पिनला घासत राहतो.

फोल्डिंग बक्कल, म्हणजे चेनसारखं उघडणारं, तुमच्या मनगटाला मी नाही सांगणार. त्याचं आतलं पातं साधारण तीन-चार सेंटिमीटर सरळ असतं, गोल मनगटाच्या खाली ते कडेच्या हाडावर येऊन बसतं. साधं काट्याचं बक्कल चांगलं.

चामड्याशिवाय काय काय आहे ते सांगतो. रबरी पट्टा सोलापूरच्या घामाला उत्तम, पण रबरात दोन जाती. सिलिकॉनचा स्वस्त आणि मऊ, पण त्याच्यावर कापसाची धूळ अशी चिकटते की विचारू नका. मी सांगितलेले टॉवेल कारखान्यातले गृहस्थ, त्यांच्यासारख्या यंत्रमागावर किंवा चादरीच्या कारखान्यात काम करणाऱ्यांचे सिलिकॉनचे पट्टे दुपारपर्यंत पांढरे होतात. त्यांना मी एफकेएम रबराचा सांगतो, महाग आहे पण धूळ धरत नाही आणि घामाने चिरत नाही. डायव्हर घड्याळांच्या रबरी पट्ट्यावर लगजवळ ज्या सुरकुत्या असतात त्या शोभेच्या नाहीत बरं का. खोल पाण्यात दाबाने पाणबुड्याचा पोशाख चेपतो, मनगट बारीक होतं आणि घड्याळ सैल पडतं, म्हणून ताणला जाणारा आणि परत आकसणारा पट्टा पाहिजे होता, सिकोने १९७५ च्या त्यांच्या ६०० मीटरच्या डायव्हर घड्याळाला तो दिला. आपल्याकडं समुद्र नाही पण एप्रिल-मे आहे, हात फुगतो आणि उतरतो, त्यालाही त्याच सुरकुत्या कामाला येतात.

कापडी नायलॉनचा पट्टा, ज्याला सगळे नाटो म्हणतात, तो ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ मध्ये ठरवून दिलेल्या नमुन्याचा. त्याची एक गोष्ट मला फार आवडते, एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनवर लटकून राहतं, पडत नाही. पण तो घड्याळाच्या पाठीखालून दोन पदरांनी जातो, घड्याळ अडीचेक एमएम वर उचललं जातं. तुमचं आधीच १५ एमएम जाड आहे, ते अजून वर गेलं की कलंडणं वाढणार. घ्यायचाच असेल तर एका पदराचा घ्या. आणि वेल्क्रोचा पट्टा दिसायला साधा, पण भोकंच नसल्याने पाहिजे तिथं थांबवता येतो, १९६९ ला चंद्रावर जे ओमेगा स्पीडमास्टर गेलं ते स्पेससूटवरून अशाच लांब वेल्क्रो पट्ट्याने बांधलेलं होतं. रोज गाडीवर होटगी रोडने ये-जा करणाऱ्या आणि दिवसातून चारदा हात धुणाऱ्या माणसाला तो लई सोयीचा पडतो. घामाने वास येतो, आठवड्याला धुवायचा.

उन्हाचं वेगळं सांगतो कारण लोक इथंच फसतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत फिरताना घेतलेला आणि थंडीत मापाला लावलेला पट्टा मे महिन्यात दुपारी ४२-४३ डिग्रीला आवळतो. हात सकाळी बारीक असतो, दुपारी फुगतो, जेवणात मीठ जास्त झालं किंवा गाडीवर हात खाली लोंबत ठेवून बसलं तर अजून. म्हणून कड्या काढायच्या किंवा भोक ठरवायचं तर दुपारनंतर ठरवा, सकाळी आंघोळ करून लगेच नाही. पट्ट्याच्या दोन भोकांमध्ये सहा-सात एमएमचं अंतर असतं, एक भोक सैल आणि पुढचं घट्ट असं झालं तर मधोमध एक भोक पाडून घ्या. पण गोल पंचनेच, दोन एमएमच्या. घरी दाभणाने किंवा खिळा तापवून भोक पाडलेले पट्टे येतात माझ्याकडं, ते भोक वर्षभरात फाटत जातं कारण कड गोल नसते. चप्पल दुरुस्त करणाऱ्याकडं पंच असतोच.

किती घट्ट ठेवायचं याची माझी पद्धत सांगतो. घड्याळ मनगटाच्या करंगळीकडच्या उंच हाडाच्या वर, म्हणजे कोपराकडच्या बाजूला घ्या, हाडावर नाही आणि हाडाच्या पुढं पंजाकडं तर अजिबात नाही. मोठ्या घड्याळाची चावी, म्हणजे बाजूची वेळ लावायची फिरकी, हाताच्या पाठीला टोचते ती ते पुढं सरकल्यामुळं. मग हात झटका, घड्याळ एकेक सेंटिमीटर इकडं-तिकडं झालं तर चालेल पण त्या हाडाला ओलांडून पुढं आलं नाही पाहिजे. लॉकखाली करंगळी जेमतेम गेली पाहिजे. घड्याळ काढल्यावर वण पाच-दहा मिनिटांत गेला तर ठीक, तासाभरानंतरही दिसत असेल तर घट्ट आहे. बोटं बधिर होत असतील तर एक दिवसही तसं घालू नका. स्मार्टवॉच असेल तर व्यायाम करताना मागचा सेन्सर कातडीला लागून पाहिजे म्हणून एक भोक घट्ट, झाल्यावर परत सैल.

पिनांबद्दल दोन शब्द. पट्टा बदलाल तेव्हा लगमधल्या स्प्रिंगच्या पिना नव्या घाला, वीस-तीस रुपयांत येतात. पट्ट्यासोबत फुकट येते ती पातळ दीड एमएमची पिन असते, हलक्या घड्याळाला ठीक, शंभर ग्रॅमच्या घड्याळाला मी १.८ ची जाड घालतो. सिकोच्या डायव्हरला तर अडीच एमएम जाडीची लागते, तिथं साधी घातली तर पट्टा हलत राहतो. पिन बसताना दोन्ही टोकं लगच्या भोकात टक्कन बसल्याचा आवाज येतो, तो एकाच बाजूने आला असेल तर दुसरी बाजू नुसती टेकलेली आहे. पट्टा धरून जोरात ओढून बघा, घड्याळाखाली गादी ठेवून. भोकांचा लांब तुकडा सहाच्या बाजूला आणि बक्कलचा बाराच्या बाजूला लावायचा, उलटा लावला तर घालताना हात वाकडा करावा लागतो आणि घड्याळ हातातून सुटायची भीती.

चेनला घाम आणि मळ साचून वास येतो आणि खाली खाज सुटते, लोक म्हणतात स्टीलची अॅलर्जी आहे. स्टीलमधल्या निकेलने काहींना खरंच त्रास होतो, पण त्याआधी चेन धुऊन बघा. केसपासून वेगळी करा, कोमट पाण्यात भांड्याचा साबण, जुना मऊ टूथब्रश, कड्यांच्या मधे घासा, काळं पाणी निघेल ते बघून तुम्हालाच नवल वाटेल. कोरडी करून मग लावा. केसला लागलेली असताना धुवायची असेल तर घड्याळ पाण्यात चालणारं आहे का आणि चावी आत दाबलेली आहे का ते बघूनच. चामड्याला पाणी नको, रोज रात्री कोरड्या सुती कापडाने आतली बाजू पुसा आणि उन्हाळ्यात शक्य असेल तर एक दिवसाआड घाला, घाम मुरलेलं चामडं वाळायला चोवीस तास घेतं.

तर तुम्ही आधी सातवी कडी परत लावून घ्या, कड्या दोन्हीकडं सारख्या आहेत का मोजा, लॉकची पिन एक घर आत घ्या आणि आठ दिवस घालून बघा. त्याने ऐंशी टक्के काम होईल असं मला तुमच्या मापांवरून वाटतं. तरी लगखाली उजेड राहिला आणि घड्याळ कलंडलं तर २४ चा, बक्कलकडं २२ चा, १०५-६५ चा मऊ पण जाड पट्टा घ्या, उन्हाळ्यापुरता एफकेएमचा आणि थंडीत चामड्याचा. चेन जपून ठेवा, विकू नका, घड्याळाला परत चेन लावायची इच्छा दोन-तीन वर्षांनी होतेच. आणि काढलेल्या सहा कड्या आणि त्यांच्या पिना आत्ता कुठं आहेत ते आजच शोधा, दुकानदाराने पुडीत बांधून दिल्या असतील. नवी पेठेत येणार असाल तर ती पुडी सोबत घेऊन या, त्याच चेनची तीच कडी नंतर बाजारात मिळत नाही.